दशांशानंतरची दोन घरं

“एवढं लांब शेपूट कशाला?” वाघचौरे सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. काचेवर तेलकट ठसा उमटला. “आठ पॉइंट तीन सात चार दोन एक आठ. असले गुण कुठला पंच देतो? दशांशाच्या पुढं दोन घरं. बास.”

“करते सर,” मी म्हणाले. माझे कान गरम झाले, कारण ते कसं करायचं हे मला येत नव्हतं.

मी तेव्हा बीसीएसच्या पहिल्या वर्षाला होते. दिवाळीनंतर आम्हाला सी भाषा शिकवायला घेतली होती, आणि नुकतंच मशीनकडून मनाला येतील तसे आकडे काढून घ्यायचं शिकवलं होतं. घरात कॉम्प्युटर नव्हता. गावात बिनपैशाचा असा एकच, तालमीच्या ऑफिसातला. कुणीतरी देणगी दिलेला, आणि त्याच्यावर बहुतेक वेळ टॉवेल झाकलेला. माझी बहीण निशिगंधा त्या तालमीत दोरीचा मल्लखांब करायची. ती तेरा वर्षांची होती. वाघचौरे सर तालमीचे चालक आणि जिल्ह्याच्या मल्लखांब मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी स्वतः कधी खांबाला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता, पण हारतुऱ्याच्या वेळी ते नेमके मध्यभागी असायचे.

त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं. “वैजयंती, तू कॉम्प्युटर शिकतेस म्हणे. मग एक काम कर आपलं. यंदा निवड चाचणीला मी गुणांचा इलेक्ट्रिक बोर्ड आणतोय. तो नीट चालतो का ते बघायला खोटे गुण लागणार. मनाला येतील तसे, साडेसात ते साडेनऊच्या मधले. हातानं लिहायला बसलं की माणूस आपला साडेआठ, पावणेनऊ, साडेआठ, पावणेनऊ. लगेच कळतं.”

काय लगेच कळतं, असं मी विचारलं नाही. मला जग जिंकल्यासारखं झालं होतं. आमच्या वर्गातल्या पोरी अजून स्वतःचं नाव स्क्रीनवर दहादा छापत बसल्या होत्या, आणि मला जिल्ह्याच्या मंडळाचं काम मिळालं होतं. कामाचा मोबदला म्हणून सरांनी एक पॅटिस मागवलं आणि त्यातलं अर्धं स्वतः खाल्लं.

पुस्तक चाळून चाळून मला वाट सापडली. आकडा छापायच्या सूचनेत टक्क्याची खूण आणि एफ, या दोघांच्या मध्ये टिंब आणि दोन घालायचे. इतकंच. मी ते घातलं, बटण दाबलं, आणि सगळ्या शेपट्या तुटून पडल्या. आठ पॉइंट तीन सात. मी सरांना हाक मारली.

“हं,” सर म्हणाले. “घरं बरोबर आली. पण हा सात कुठला? आपल्याकडं गुण पाच-पाचनं चढतात. आठ तीस, आठ पस्तीस, आठ चाळीस. शेवटी एक तर शून्य, नाहीतर पाच.”

“बोर्डाला काय फरक पडतोय सर?”

“बोर्डाला नसेल पडत. बघणाऱ्याला पडतो.”

मला हसू आलं. खोट्या गुणांची एवढी काळजी करणारा माणूस किती शिस्तीचा, असं मला वाटलं. एकोणीस वर्षांच्या पोरीची अक्कल ती केवढी.

दुसऱ्या दिवशी निशीला सोबत घेऊन मी परत बसले. यावेळी उलटीकडून गेले. आधी शून्य ते चाळीसमधला एक पूर्ण आकडा काढायचा, त्याला पाच शतांशांनी गुणायचं आणि वर साडेसात मिळवायचे. छापताना दोन घरं. जमलं. एकाखाली एक वीस आकडे असे सरळ रांगेत उभे राहिले की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खात्री करायला मी प्रोग्रॅम परत चालवला. परत तेच आकडे. बंद करून चालू केला, तरी तेच.

“ताई, मनाला येतील तसे हवेत ना?” निशी म्हणाली. ती स्टुलावर बसून पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात खोबरेल चोळत होती. दोरी तिथंच पकडतात, त्यामुळे तिथली कातडी कायम सोललेली. “हे तर तेच तेच येतायत.”

“मशीनच्या मनात हेच येतं,” मी म्हणाले.

मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट प्रोग्रॅम भरवशाचा आहे असं वाटलं. मशीनला दर वेळी नवं बी द्यावं लागतं, नाहीतर ते जुन्याच बियाचं तेच पीक परत काढतं, हे आमच्या मॅडमनी पुढं फेब्रुवारीत शिकवलं. तोवर आमच्या घरी त्या आकड्यांचा पाढा झाला होता. निशी भाकरी खाता खाता एका सुरात म्हणायची, “आठ पासष्ट, सात ऐंशी, नऊ पंधरा, आठ पाच, आठ चाळीस, नऊ तीस...” आणि आई म्हणायची, “दोघींच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

निवड चाचणी जानेवारीत, हायस्कूलच्या मैदानावर. चौदा वर्षांखालच्या मुलींचा गट. राज्य स्पर्धेला चौघीच जाणार होत्या, आणि निशीला त्या चौघींत जायचं होतं. गेल्या वर्षी ती थोडक्यात राहिली होती. तेव्हापासून तिनं ना लग्न पाहिलं ना जत्रा. पहाटे तालीम, मग शाळा, परत तालीम. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. तिची मैत्रीण फरीदा मुजावरही बसणार नव्हती. जिल्ह्यात दोरीवर फरीदासारखी कोण नव्हती, हे खुद्द निशीच सांगायची, आणि त्यात तिला कमीपणा वाटायचा नाही. “पहिली फरीदा. पुढच्या तिघींत मी,” असा तिचा हिशेब होता.

मैदानावर गेल्या गेल्या मी बोर्ड शोधला. बोर्ड नव्हता.

“पुढच्या वर्षी,” वाघचौरे सर घाईत म्हणाले. “बजेट नाही बसलं. पण तुझं काम वाया जायचं नाही.”

सकाळी निशी दोरीवर चढली. मी तिला शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवसासारखं नाही. सलामी देऊन तिनं दोरी अंगठ्यात धरली आणि अशी वर गेली की वजन नावाची गोष्ट ती खालीच ठेवून गेली असावी. एक अढी, म्हणजे पायात घेतलेली दोरीची पकड, सोडून दुसरी घेताना दोरी हलतसुद्धा नव्हती. शेवटी डोकं खाली, हात मोकळे, आणि चेहऱ्यावर ते शांत हसू. उतरून तिनं नमस्कार केला. माझ्या शेजारी बसलेल्या परक्या बाईनं डोळे पुसले. फरीदाचं झालं तेव्हा तर पोरं-पोरी शिट्ट्या मारायला लागली. वाघचौरे सरांची पुतणी सोनल दोनदा घसरली आणि दुसऱ्यांदा चटईवर बसकण मारूनच खाली आली. बिचारी रडत गेली. तिचा काही दोष नव्हता. तिला चढायचंच नव्हतं, हे साऱ्या तालमीला ठाऊक होतं.

पंच तिघे. आमच्या जिल्ह्यात तिघे मिळून प्रत्येकीला एकच आकडा ठरवायचे आणि खाली सह्या करायचे. मधल्या खुर्चीवर काळसेकर मॅडम होत्या, बाहेरगावच्या, एकेकाळच्या नावाजलेल्या खेळाडू. सर सारखे त्यांच्याभोवती. चहा झाला का, उन्हाचं टेबल मागं घेऊ का.

दुपारी जेवणानंतर निकाल. मुली पोशाखातच एका रांगेत उभ्या. ड्रिलचे बोत्रे सर माइकवर आले. “यंदा प्रथमच आपला निकाल संगणकावर तयार झालेला आहे. त्यामुळं कुणाच्या मनात शंका राहायचं कारण नाही.” टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. तालमीतला तो टॉवेलखालचा कॉम्प्युटर कामाला आला म्हणून मला बरंच वाटलं.

“चेस्ट नंबर अकरा. आठ पॉइंट सहा पाच.”

अकरा नंबर आधी का, असं मनात येऊन गेलं. नंबरवारी का वाचत नाहीत?

“चेस्ट नंबर चार. फरीदा मुजावर. सात पॉइंट आठ शून्य.”

फरीदा आपल्या पायांकडं पाहायला लागली. आपलं कुठं चुकलं, ते ती पायांत शोधत होती. मी तिच्याकडं पाहत होते, आणि माझ्या तोंडात एक आकडा आपोआप आला. पाढा म्हणताना पुढचा येतो तसा. नऊ पंधरा.

“चेस्ट नंबर नऊ. निशिगंधा ढवळे. नऊ पॉइंट एक पाच.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीत आनंदानं थाप मारली. निशी रांगेत ताठ उभी होती, पण तिचा चेहरा उतरला होता. तिनं मान वळवून मला शोधलं. तिलाही कळलं होतं.

व्यासपीठावरून वाघचौरे सर माझ्याकडं पाहत होते. त्यांनी किंचित मान हलवली आणि हसले. काम झालं की नाही, असं विचारतात तसं.

राग अनेक प्रकारचे असतात. काही बोलण्यात निघून जातात, काही रडण्यात. मला त्या हसण्याचा जो राग आला तो पायातून वर चढला, आणि मी उठून कधी चालायला लागले ते मला समजलं नाही. ह्या माणसानं मला फसवलं होतं, ते एक. पण फसवून वर बक्षीस दिलं होतं. माझ्या बहिणीची वर्षभराची मेहनत पुसून तिथं माझ्याच प्रोग्रॅममधला एक आकडा चिकटवला होता, आणि मी त्याचे आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा होती.

मी व्यासपीठाच्या पायरीशी पोचले. सर वाकून हळूच म्हणाले, “तुझ्या बहिणीचं बघितलंय ना मी? मग? जा, जागेवर बस.”

“आठ पाच,” मी मोठ्यानं म्हणाले.

बोत्रे सर थबकले. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, “चेस्ट नंबर दोन. आठ पॉइंट शून्य पाच.” माइक चालूच होता.

“पुढचा आठ चाळीस,” मी म्हणाले.

“काय चाललंय हे?” वाघचौरे सर म्हणाले. “कार्यक्रमात अडथळा आणू नकोस. बोत्रे, वाचा तुम्ही.”

बोत्रे सर वाचेनात. माणूस भित्रा, पण अडाणी नव्हता. “आठ चाळीसच आहे सर,” ते म्हणाले, आणि तेही माइकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

“तिनं कागद बघितला असणार. ऑफिसात येते-जाते ती. काय मुलगी आहे बघा, बहिणीचा नंबर लागला तरी समाधान नाही.” सर आता लोकांकडं वळून बोलत होते. “कागद चोरून बघायचा आणि वर तमाशा करायचा. चोराच्या उलट्या बोंबा.”

लोक कुजबुजायला लागले. मी पायरीवर पाय ठेवला. आणि मागून, मुलींच्या रांगेतून, आवाज आला.

“नऊ तीस.”

निशी रांगेतून एक पाऊल पुढं आली होती. हात मागं बांधून, शाळेत कविता म्हणायला उभी राहावी तशी. “नऊ तीस, सात पंचावन्न, आठ नव्वद, आठ पंचवीस, नऊ दहा.” तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. “सात पंच्याण्णव, नऊ पंचेचाळीस. मी कागद बघितला नाही. हे आकडे माझ्या ताईनं बोर्डासाठी काढून दिले होते, जानेवारी लागायच्या आधी. तेव्हा कोण दोरीला चढलंपण नव्हतं.”

तिनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. चौघींतली एक होती ती. गप्प राहिली असती तर राज्याला गेली असती.

काळसेकर मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांनी बोत्रे सरांच्या हातातून कागद घेतला आणि बोट फिरवत फिरवत खालपर्यंत नेला. “नऊ तीस कुणाला दिलेत?”

“सोनल वाघचौरे,” बोत्रे सर म्हणाले.

“जी दोनदा पडली ती?”

मागच्या बाजूला कुणीतरी पालक हसला. ते हसणं पसरलं आणि पसरता पसरता त्याचा राग झाला. फरीदाचे वडील सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. गरीब माणूस, कधी कुणाला उलटून बोलला नसेल. ते पुढं आले आणि म्हणाले, “सर, एवढं सांगा. माझ्या पोरीचे सात ऐंशी कुणी ठरवले? माणसानं का मशीननं?”

वाघचौरे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तांत्रिक चूक झालेली दिसते,” ते म्हणाले. “नमुन्याचा कागद वाचला गेला. खरा निकाल ऑफिसात आहे.”

“आणा मग,” लोक म्हणाले.

तो कधी आला नाही. सर ऑफिसात गेले ते मागच्या दारानं घरी गेले.

बराच आरडाओरडा झाला. शेवटी काळसेकर मॅडमनी माइक घेतला आणि चाचणी पुन्हा होईल असं सांगितलं. आत्ताच, सगळ्यांसमोर. शाळेतून पाट्या मागवल्या. प्रत्येकीचं झालं की लगेच पाटीवर खडूनं गुण लिहायचे आणि पाटी मैदानाकडं फिरवून धरायची. ती पद्धत त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात सुरू झाली, ती पुढं बरीच वर्षं चालली.

निशीची पाळी आली तेव्हा ऊन उतरत होतं. सकाळी तिनं जीव ओतला होता. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी पार गेली होती आणि दोरीला लाल डाग लागत होते. ती चढली. दुसऱ्या अढीला दोरी हलली. तिसऱ्यांदा पाय सुटता सुटता तिनं सावरला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. पाटी फिरली. आठ पंच्याहत्तर. फरीदाला नऊ पस्तीस मिळाले. निशी पाचवी आली. चौथीला होते आठ ऐंशी.

फरीदाच्या वडिलांनी निशीच्या डोक्यावर हात ठेवला.

आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. “पोरीचं नाव लागलं होतं,” एवढंच म्हणायची. वाघचौरे सरांनी मंडळाचा राजीनामा दिला आणि दोन वर्षांनी परत आले, आधी सल्लागार म्हणून, मग अध्यक्ष म्हणून. लोक विसरतात. मी विसरलेले नाही. आजही पेपरात त्यांचा सत्काराचा फोटो आला की मी तो उलटा करून ठेवते, आणि माझा नवरा म्हणतो, अगं किती वर्षं झाली. झाली असतील. राग वर्षं मोजत नाही.

पण एवढा राग निशी पाचवी आली म्हणून नाही. पाचवी तर पाचवी. पाटीवर लिहिलेलं ते तिचं होतं.

त्या संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर आम्ही फाटकाशी रिक्षाची वाट पाहत होतो. निशीच्या पायाला मी रुमाल बांधला होता. काळसेकर मॅडम त्यांच्या गाडीकडं निघाल्या होत्या, त्या आम्हाला पाहून थांबल्या. थकल्या होत्या. निशीच्या गालाला त्यांनी हात लावला.

“मॅडम,” निशी म्हणाली, “आत्ताचे राहू द्या. सकाळचे मला किती दिले होते?”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“सांगा ना. मला राज्याला नाही जायचं त्याच्यावर. नुसतं माहीत हवंय.”

“सकाळी आम्ही...” त्या थांबल्या. “वाघचौरे म्हणाले, सह्या करून ठेवा, गुण कॉम्प्युटरवर चढवायचे आहेत, आकडे मी भरून घेतो. दर वर्षी तसंच चालतं गं. आम्ही कोऱ्यावर सह्या केल्या होत्या. लिहिलेच नाहीत आम्ही.”

“कुणाचेच?”

“कुणाचेच.” मग त्या घाईघाईनं म्हणाल्या, “पण मी बघत होते तुला. फार छान केलंस सकाळी. फारच छान.”

“किती छान?” निशीनं विचारलं.

मॅडम पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागल्या. त्यांना आता आठवून सांगता येण्यासारखं काही नव्हतं. सकाळी निशी दोरीवर होती, नेमका तेवढ्यात वाघचौरे सरांनी त्यांच्यापुढं चहा आणून ठेवला होता.